पोटाला किती मार्क

नोल्बेर्तोकाकांनी सायकल खोलीबाहेरच्या भिंतीला टेकवली, पँटच्या पायाला लावलेला कपड्यांचा चिमटा काढून खिशात टाकला आणि आत येऊन पेन्सिल मागितली. साठांपैकी एकोणसाठ फॉर्म गेल्याच आठवड्यात ताल्काला, अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांकडे, रवाना झाले होते. राहिले होते ते एकटे काका, कारण त्यांच्या पहिल्या फॉर्ममध्ये त्यांच्या बायकोने, सुनिल्दाने, अंडी गुंडाळून बहिणीकडे पाठवली होती.

"चष्मा आणलाय ना?" यास्नाने विचारलं. ती त्यांच्या महिन्याच्या इंजेक्शनची सुई लावत होती.

"मार्क द्यायला चष्मा कशाला लागतो, सिस्टर?"

तिने ते नीट ऐकलंच नाही. नियमाप्रमाणे रुग्ण फॉर्म भरत असताना तिने शेजारी थांबायचंही नव्हतं. लोकांनी घरी बसून, कुणाची भीडभाड न ठेवता उत्तरं लिहावीत आणि पाकीट बंद करून पेटीत टाकावं, असं ताल्काहून बजावून सांगितलेलं होतं. पण खोली एवढीशी, की थांबायचं नाही म्हटलं तर तिला खिडकीतून बाहेरच उतरावं लागलं असतं.

काका टेबलावर वाकून लिहू लागले. थकवा, सात. जेवणानंतर घेरी, सात. पोट बिघडणे, सात. प्रत्येक सातच्या दांड्याला मधोमध आडवी रेघ, शाळेत शिकवलेली. पान उलटून त्यांनी तसेच सात मांडत नेले आणि 'अशक्तपणामुळे घराबाहेर पडता न येणे' ह्या ओळीपुढेही एक घसघशीत सात ठेवून दिला.

यास्नाची नजर त्या ओळीवरून खिडकीबाहेरच्या सायकलकडे गेली. काका अडुसष्ट वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी कर्करोगापायी त्यांचं सगळं जठर काढून टाकलेलं. आत्ता ते अकरा किलोमीटर सायकल मारत आले होते आणि मागच्या कॅरियरवर नर्सांसाठी कोबीचे सहा गड्डे बांधलेले होते.

"काका, तुम्हाला घराबाहेर पडता येत नाही?"

"कोण म्हणतं असं?"

"तुम्हीच सात लिहिलंय."

"मग? कमी झाले का?" काकांचा चेहरा पडला. "अहो, सहा देणारा माणूस नाही मी. तुम्ही पावसापाण्याचं घरी येऊन विचारपूस केलीत, मी घराबाहेर पडतो की नाही म्हणून. त्याचे सात. थकव्याचं इंजेक्शन देता, दुखत पण नाही. त्याचेही सात."

"अहो पण हे दहापैकी आहे."

"दहा?" काका हसले. "कुठल्या शाळेत?"

यास्नाने फॉर्म त्यांच्या हातून घेतला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. वर ठळक अक्षरांत 'परिचारिका पाठपुरावा अभ्यास' आणि त्याखाली लगेच रिकाम्या चौकटी. मधली सूचना, 'त्रास मुळीच नसल्यास शून्य, असह्य असल्यास दहा', गायब. मूळ फॉर्म लांब कागदावर होता. खोलीत आखूड कागद शिल्लक होता म्हणून मार्च महिन्यात झेरॉक्स काढताना तिने स्वतःच तो मध्ये घडी घालून पानावर बसवला होता. ती ओळ तिला इतकी तोंडपाठ, की ती नसल्याचं सहा महिन्यांत तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

चिलीत पहिली इयत्ता असो की विद्यापीठ, मार्क एक ते सात. चारला पास. सात म्हणजे आई तो कागद घेऊन गल्लीभर फिरणार, आणि कोरा पेपर देणाऱ्याला एक. साठ वर्षं ज्यांनी दुसरं मोजमाप पाहिलेलं नाही, त्यांच्यासमोर वर 'परिचारिका' लिहिलेला कागद आणि रिकाम्या चौकटी ठेवल्या, तर ती माणसं दुसरं काय करणार? त्यांनी परिचारिकेला पास केलं होतं, तेही पहिल्या नंबराने.

"चुकलं का काही?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. दंड पुढे करा."

तिने नेहमीसारखी सुई टोचली. काका गेल्यावर मात्र ती स्टुलावर बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

ती गुरुवारची खोली म्हणजे पूर्वी रुग्णालयाची चादरी ठेवायची जागा. तीन वर्षांपूर्वी यास्नाने हातापाया पडून ती रिकामी करून घेतली होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रोग उलटत नाही ना एवढं बघत पाच वर्षं मोजतात, मग पाठीवर थाप मारून म्हणतात, बरे झालात, जा. त्यानंतर पोटाविना जगणाऱ्या माणसाच्या घशात घास कसा उतरतो, उतरल्यावर त्याला कशी घेरी येते, रात्री कडू पाणी तोंडात येऊन तो कसा उठून बसतो, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. यास्ना विचारत असे, दर गुरुवारी. आता संचालक उर्सुआंना ती खोली अपॉइंटमेंटच्या नव्या संगणकांसाठी हवी होती. ह्या लोकांना एवढी वर्षं उलटल्यावरही खरोखर त्रास होतो, हे आकड्यांनी सिद्ध झालं तरच खोली राहणार होती. बुधवारी रुग्णालयाच्या कमिटीची बैठक होती.

आणि आकडे तर असे आले होते, की ताल्काच्या डॉक्टर इतुर्रांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली हा अभ्यास चालला होता त्यांनी, सोमवारी स्वतःहून फोन केला होता.

"सरासरी सहा पूर्णांक सहा, यास्ना! प्रत्येक लक्षणाला! आणि एक बाई तर दशांशात उत्तरं देतात. सहा पूर्णांक आठ, सहा पूर्णांक पाच. किती बारकाईने सोसतात हो ही माणसं!"

तेव्हा यास्नाचा आनंद पोटात मावेना. आता तिने कपाट उघडून इतुर्रांनी पाठवलेल्या प्रती काढल्या. दशांशवाल्या बाई म्हणजे फ्रेसियाबाई, एक्केचाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. 'झोप' ह्या ओळीपुढे त्यांनी साडेसहा लिहिले होते आणि बाजूला, लाल शाईत, 'खुर्च्या बदलाव्यात'.

मार्जोरी कॉफीचे दोन कप घेऊन आली. ती यास्नाची मदतनीस, वयाने दहा वर्षांनी लहान आणि व्यवहाराने वीस वर्षांनी मोठी. तिने सगळं ऐकून घेतलं, मग तोंड दाबून इतकी हसली की कॉफी बशीत सांडली.

"म्हणजे आपल्याला सात मिळाले? मला तर शाळेत गाण्यातसुद्धा कधी मिळाले नाहीत."

"हसू नको. इतुर्रांना सांगावं लागेल."

"का म्हणून?"

"का म्हणजे? हे खोटं आहे."

"तू लिहिलंस? नाही ना? त्यांनी लिहिलंय, स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने." मार्जोरीने बशीतली कॉफी परत कपात ओतली. "आणि त्रास नाही होत का त्यांना? ती ओर्फेलिना जेवण झालं की स्वयंपाकघरात फरशीवर आडवी होते, तूच सांगितलंस. मग सात तर सात. बुधवारपर्यंत तोंड शिवून बस. खोली राहील."

"आणि उद्या कुणी ह्या आकड्यांवर विसंबून औषधपाणी ठरवलं तर? नोल्बेर्तोकाकांना घराबाहेर पडता येत नाही म्हणून व्हीलचेअर देतील."

"देऊ देत. सायकलच्या मागे बांधून कोबी वाहतील."

यास्नाला हसू आवरलं नाही. पण ती घरी गेली तेव्हा डोक्यात तेच चक्र चालू होतं. मार्जोरीचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं. लोकांना त्रास होतच होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? फक्त कुणाला कुठला, किती, हे ह्या कागदांवर नव्हतं. तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी ती खोली अडवून बसली होती, नेमकी तीच नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून लांब कागदाचं रीम आणलं आणि रविवारी बस पकडून काकांच्या गावी गेली.

त्या दिवशी गावच्या रायुएला क्लबचा वाढदिवस होता. मातीच्या चौकटीत ताणलेल्या दोरीवर लोखंडी चकत्या नेमक्या फेकायच्या, एवढाच तो खेळ, पण त्यापायी ह्या गावात भावाभावांनी अबोले धरले होते. अक्रोडाच्या झाडाखाली लांबच लांब बाकं मांडलेली, सॉसेज आणि बरगड्यांचा धूर सगळीकडे पसरलेला, आणि धुराच्या मधोमध हातात चिमटा घेऊन, कपाळाला रुमाल बांधून नोल्बेर्तोकाका. गावातल्या लग्नाची, बारशाची, क्लबाची शेगडी गेली काही वर्षं त्यांच्याच ताब्यात असे.

"सिस्टर आल्या! जागा द्या सिस्टरना! सुनिल्दा, पहिलं ताट सिस्टरना!"

यास्नाच्या यादीतली अकरा माणसं तिथे होती. तिने एकेकाला बाजूला घेऊन, नीट समजावून, नव्याने विचारायला सुरुवात केली. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे असह्य.

"शून्य," रिगोबेर्तो म्हणाला. हा क्लबचा खजिनदार, आतून पोकळ आणि बाहेरून दणकट. त्याची सासू शेजारीच बसून पाव मोडत होती.

"जेवणानंतर घेरी येत नाही?"

"छे! देवाची कृपा आहे."

"शून्य, पोरी," ओर्फेलिना म्हणाली. "सगळं छान आहे. तू काहीच खात नाहीयेस बघ."

अर्ध्या तासात तिच्याकडे आठ फॉर्म भरून झाले आणि आठही फॉर्मवर वरपासून खालपर्यंत शून्यांची माळ. गुरुवारी ही माणसं मरणप्राय अवस्थेत होती, रविवारी ठणठणीत. यास्ना पेनाचं टोपण लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

"इकडे ये," बाकाच्या टोकावरून फ्रेसियाबाई म्हणाल्या. त्या ताठ बसल्या होत्या. पुढ्यातल्या ताटाला त्यांनी हात लावलेला नव्हता. "काय विचारतेयस तू ह्यांना?"

यास्नाने सांगितलं. सगळंच सांगितलं, आखूड कागदासकट. फ्रेसियाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे माझे साडेसहा पोटाच्या खात्यात गेले?"

"हो, बाई."

"शाबास. आणि आता तू लोकांना तक्रार करायला सांगतेयस. रविवारी, पाहुण्यांसमोर, दुसऱ्याचं अन्न हातात धरून. कोण करेल गं?"

"मग मी विचारू कसं?"

"तक्रार करायला लाज वाटते. मार्क द्यायला कुणाला लाज वाटत नाही, उलट मजा येते. एक्केचाळीस वर्षं उगाच नाही घालवली मी." बाईंनी चमचा उचलला आणि बाटलीवर वाजवला. क्लबातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकली होती आणि उरलेली निम्मी त्यांच्याच हाताखाली नापास झाली होती, त्यामुळे खेळसुद्धा थांबला. "पोटं कापलेल्यांनी इकडे या. बाकीच्यांनी गप्प बसा. आज आपण पोटाची परीक्षा घेणार आहोत. एक ते सात. पोट माझ्या वर्गात आहे असं समजा."

"बाई," रिगोबेर्तोने हात वर केला, "माझं पोट रुग्णालयानेच ठेवून घेतलं."

"मग जे उरलंय त्याला मार्क दे. जेवण झाल्यावरची वर्तणूक?"

रिगोबेर्तोने जरासा विचार केला. सासूकडे पाहिलं. मग त्याचा बांध फुटला.

"दोन! दोनसुद्धा जास्त होतात, बाई. चार घास गेले नाहीत तोच उधळतं मेलं. घाम काय, छातीत धडधड काय, डोळ्यांपुढे काजवे काय. आणि गोड खाल्लं तर एक. मागे ह्यांच्या वाढदिवसाचा केक खाल्ला, एकच तुकडा, आणि अर्धा तास न्हाणीघरात जमिनीवर बसून होतो."

"आणि मला वाटलं, माझा केक चुकवायला पळाला!" सासू म्हणाली. "चार वर्षं मी ह्याच्याशी धड बोलले नाही!"

"ते बरंच होतं की," रिगोबेर्तो म्हणाला, आणि सगळं अंगण खो खो हसलं. सासूही हसली आणि तिने त्याला पावाचा तुकडा फेकून मारला.

मग काही विचारायची सोय राहिली नाही. ओर्फेलिनाने झोपेला तीन दिले, चार उशा लावूनही घशाशी कडू येतं म्हणून, पण चवीला मात्र सहा, कारण चव शाबूत होती आणि तिला कुणावर अन्याय करायचा नव्हता. एका म्हाताऱ्याने थकव्यापुढे पाच सांगितले आणि बायकोने भर सभेत ते तीनवर आणले. कुणी म्हणालं माझं पोट नापास, तर पलीकडून उत्तर आलं, तुझं नुसतं नापास झालंय, माझं तर शाळेतून काढून टाकलंय. चढाओढच लागली. यास्ना लिहीत होती, लिहिता लिहिता तिची बोटं दुखायला लागली. आकडे पाहून तिला इतका आनंद झाला की तो लपवावासाही वाटेना. दोन, पाच, तीन, सहा, एक, चार. कुठलेच दोन फॉर्म सारखे नव्हते. जितकी माणसं तितकी दुखणी, जशी असायला हवीत तशी.

"शेवटचा विषय," फ्रेसियाबाईंनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. "चारचौघांत बसून जेवणे."

गलका ओसरला. ह्या विषयाला कुणी हात वर केला नाही. रिगोबेर्तो टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा करू लागला.

"मी माझे सांगते," बाई म्हणाल्या. "दोन. आमच्या शिक्षकांची दर महिन्याला जेवणं असतात. दर महिन्याला मी दातदुखीचं सांगून घरी बसते. तीन वर्षं झाली. आता माझ्या तोंडात एकही दात उरला नसेल अशी त्यांची खात्री झाली असणार."

कुणी हसलं, कुणी नाही. आणि तेवढ्यात शेगडीकडून आवाज आला.

"एक."

नोल्बेर्तोकाकांची पाठ सगळ्यांकडे होती. ते बरगड्या उलटत होते.

सुनिल्दा हातात ताटांची चवड घेऊन निघाली होती, ती तिथेच थांबली.

"कसला एक?"

"मार्क. बाईंनी विचारलं ना."

"तुला तर लोकांत किती आवडतं. ती शेगडी कुणाला हात लावू देत नाहीस."

"शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, जेवलास का म्हणून," काका म्हणाले. "सगळ्यांना वाटतं, चाखता चाखताच पोट भरलं असेल ह्याचं."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. यास्नाचं पेन कागदावर टेकलेलं होतं तसंच राहिलं. तीन वर्षं ती दर महिन्याला ह्या माणसाचं वजन करत होती, आणि चांगलं जेवत जा असं न चुकता सांगत होती.

सुनिल्दाने ताटं बाकावर ठेवली.

"सहा वर्षं मी गावभर सांगतेय, माझा नवरा मटणाचा वेडा आहे, जेवायला बसायचीसुद्धा शुद्ध नसते त्याला." तिचा आवाज चढला होता. "मला सांगता येत नव्हतं?"

"तू एवढी कौतुकाने सांगायचीस."

"चिमटा दे इकडे."

"करपेल सगळं."

"करपू दे!"

तिने चिमटा काढून घेतला आणि रिगोबेर्तोच्या हातात कोंबला. मग नवऱ्याला दंडाला धरून बाकावर बसवलं, नखाएवढा मांसाचा तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला आणि तेवढाच एक स्वतःपुढे. दोघं चावत बसली. खूप वेळ लागला. लोकांनी आपापसांत बोलायला सुरुवात केली आणि खेळाच्या चकत्या पुन्हा मातीत पडू लागल्या. करपलेल्या सॉसेजबद्दल त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

सोमवारी सकाळी यास्नाने ताल्काला फोन लावला. तिने आधी ठरवलं होतं की प्रस्तावना करायची, मग सरळ मुद्द्यालाच हात घातला. इतुर्रांनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि योग्य फॉर्म किती आहेत?"

"अकरा. पोटाला दिलेले मार्क आहेत, एक ते सात, उलटे वाचायचे. बाकीचे मी घरोघर जाऊन भरून आणते. दोन महिने द्या."

"बैठक परवा आहे, यास्ना."

"माहीत आहे."

"हे कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"तेही माहीत आहे, डॉक्टर."

पलीकडे खुर्ची करकरली. "ती दशांशवाली बाई?"

"निवृत्त शिक्षिका. खुर्च्या आवडल्या नाहीत म्हणून अर्धा मार्क कापला."

इतुर्रांना हसायचं नव्हतं, पण हसू फुटलं. "ठीक आहे. कमिटीला मीच सांगतो. माझंही नाव आहेच त्याच्यावर."

कमिटी काही वाईट माणसांची नव्हती. अभ्यास चांगला आहे, असं त्यांनी एकमताने नोंदवलं. तो नव्याने करावा, योग्य कागदावर करावा, निष्कर्ष आले की खोलीचा विचार अवश्य करू. तोवर खोली संगणकांना. संचालक उर्सुआ स्वतः गुरुवारी दुपारी एक वाजता किल्ली घ्यायला येणार होते.

"सांगितलं होतं," मार्जोरी म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तोंड शिवून बस म्हणून सांगितलं होतं." आणि मग बुधवारची अख्खी संध्याकाळ बसून तिने साठही जणांना फोन केले, उद्याचा गुरुवार शेवटचा म्हणून.

गुरुवारी सकाळी यास्नाने भिंतीवरचा वजनाचा तक्ता उतरवला, इंजेक्शनांच्या पेट्या खोक्यात भरल्या. अकराच्या सुमाराला दारात खडखडाट झाला. रिगोबेर्तो आणि काका क्लबातलं घडीचं टेबल आडवं करून दारातून आत घालायच्या खटपटीत होते. ते शिरेना. मागून फ्रेसियाबाई सूचना देत होत्या आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

"हे काय?"

"टेबल," काका म्हणाले. "तुमचं फार लहान आहे."

टेबल शिरलं. त्यामागून माणसं येत गेली. रविवारची अकरा तर होतीच, शिवाय लिनारेसहून बसने आलेली तिघं, ज्यांना रविवारचा सगळा वृत्तान्त आतापर्यंत कर्णोपकर्णी पोचला होता. सुनिल्दाने मोठ्या पातेल्यातून कोंबडीचा रस्सा आणला होता, तेल काढून टाकलेला, बटाटा बोटाने चुरडेल इतका शिजवलेला. ताटं कुणीच आणली नव्हती. सगळ्यांनी घरून कॉफीच्या बशा आणल्या होत्या.

सव्वाबाराला जेवणं सुरू झाली. चार घास, मग चमचा खाली. गप्पा. पुन्हा दोन घास. ओर्फेलिनाने उठून तपासणीच्या खाटेवर पाच मिनिटं डोळे मिटून अंग टाकलं, मग येऊन परत आपल्या जागी बसली, आणि काय झालं असं तिला कुणी विचारलं नाही. काका मधल्या खुर्चीवर होते, भिंतीला पाठ लावून, दोन्ही बाजूंनी माणसं. उठायचं म्हटलं असतं तरी त्यांना उठता आलं नसतं. ते क्लबच्या कुठल्याशा जुन्या भांडणाची गोष्ट सांगत होते आणि मध्येच थांबून निवांत चावत होते, आणि तोवर ऐकणारेही चावत होते. यास्नाला एक बशी मिळाली होती. ती खोक्यावर बसून जेवली. तीन वर्षांत ह्या खोलीत तिने प्रत्येकाला एकेकटं पाहिलं होतं. सगळे एकत्र असताना ती माणसं कशी दिसतात हे आज कळत होतं, आणि तिला फार बरं वाटत होतं.

बरोबर एक वाजता उर्सुआ आले. मागे दोन माणसं ढकलगाडीवर संगणकांची खोकी घेऊन उभी होती. उर्सुआंनी दारातून आत पाहिलं. चौदा माणसांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. जवळजवळ सगळ्यांच्याच तोंडात घास होता.

"यास्ना, एक वाजता ठरलं होतं ना आपलं?"

"हो, साहेब." यास्नाने खिशातून किल्ली काढली आणि उठायला गेली, पण तिच्या आणि दाराच्या मध्ये रिगोबेर्तो होता, मार्जोरी होती, लांबलचक टेबल होतं.

"जेवणं चाललीयेत?"

कुणीच लगेच बोललं नाही, कारण घाईने गिळायची कुणालाच मुभा नव्हती. उर्सुआंनी घड्याळ पाहिलं.

"किती वेळ लागेल अजून?"

फ्रेसियाबाईंनी तोंडातला घास पुरता चावून खाली जाऊ दिला. मग रुमालाने ओठ टिपले.

"आम्ही फार हळू जेवतो, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसून घ्या."

आणि सुनिल्दाने पिशवीतून आणखी एक बशी काढली.